बांधातला नांगर: फुलाआधी ओळखावी लागलेली कळलावी

जुलैचा दुसरा आठवडा होता. मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीवर भातलावणी सुरू होती आणि वाहून गेलेला बांध घालताना एका तरुण शेतकऱ्याच्या कुदळीला कंद लागले. तो बरीच वर्षं भिवंडीत नोकरीला होता. वडील गेल्यावर गावी परतला, त्याला दोनच पावसाळे झालेत. खताच्या रिकाम्या गोणीत ते कंद घालून तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, कणगर आहे का बघा. घरात उकडायला टाकणार होते. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवतो."

मी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवली. झाड ओळखायचं तर फूल हवं, हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलंय. इथे फूल नव्हतं, कळीही नव्हती. दोन कंद, वीतभर कोंब आणि सहा पानं, एवढ्यावर उत्तर द्यायचं होतं. तेही त्याच दिवशी, कारण घरी चुलीवर पातेलं चढायचं होतं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते यासाठी की वर्णन आणि वर्गीकरण हा पुस्तकातला कोरडा भाग आहे असं पुष्कळांना वाटतं. त्या दिवशी एका घराचं जेवण त्यावर अवलंबून होतं.

गोणीत काय होतं

कंद आधी धुऊन घेतले. माती गेल्यावर आकार दिसला तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन बोटं फाकवावीत तसा. एक हात लांब, सुमारे १४ सेंटीमीटर. दुसरा आखूड, ९ सेंटीमीटरच्या आसपास. जाडी अंगठ्याएवढी. साल फिकट तपकिरी, गुळगुळीत, टोकाकडे निमुळती. दोन्ही हात जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर वाळलेला गोल व्रण होता, गेल्या वर्षीचं खोड तिथून गळून पडलेलं. कोंब मात्र त्या कोपऱ्यातून आलेला नव्हता. तो लांब हाताच्या टोकातून वर निघाला होता आणि पांढरी मुळं त्याच्याच बुडाशी होती. चुकून मोडलेला तुकडा पाहिला तर आत पांढराशुभ्र, पिठूळ. खाण्याचा कंद म्हणून कुणीही फसावं असाच.

मग पानं. देठ नाही, पान थेट खोडाला चिकटलेलं. बुडाशी रुंद, पुढे भाल्याच्या पात्यासारखं निमुळतं, हिरवं आणि चकचकीत. शिरा एकमेकींना समांतर, म्हणजे एकदल वनस्पती. खालची तीन पानं साधी, टोकदार. चौथ्याचं टोक जरासं वाकलेलं, गळासारखं. पाचव्या आणि सहाव्या पानाचं टोक मात्र लांबत जाऊन त्याची स्प्रिंगसारखी गुंडाळी झाली होती, आणि सहाव्याने बांधावरच्या गवताची एक काडी तीन वेढे देऊन धरून ठेवली होती. उपटताना ती काडीही सोबत आली होती.

त्या काडीने मला निम्मं उत्तर दिलं.

वगळत वगळत

आधी कणगराचा विचार केला, कारण विचारणाऱ्याच्या मनात तोच होता. कणगर, करांदा, शेंडवेल ही सगळी डायोस्कोरिया या कंदवेलींच्या वंशातली भावंडं. यांची वेल स्वतःच आधाराभोवती पिळे घालत चढते, पानाचं टोक हाताशी घेत नाही. कणगर-करांद्याचं पान हृदयाच्या आकाराचं, लांब देठाचं, बुडातून पाच-सात ठळक शिरा निघणारं आणि त्यांच्यामध्ये बारीक जाळी असलेलं असतं. हातातल्या पानात यातलं काहीच नव्हतं. कणगर बाद.

टोकाला पकड असलेल्या वेली आपल्याकडे कमी नाहीत, पण ही पकड कुठून निघते ते पाहावं लागतं. घोटवेलीला पानाच्या देठाच्या बुडातून दोन्ही बाजूंना एकेक तणाव, म्हणजे आधाराला वेढे घालणारा दोरा, फुटतो. कारलं, दोडका, भोपळा यांचा तणाव पानाच्या शेजारून, खोडावरून निघतो. वाटाण्याच्या संयुक्त पानातल्या शेवटच्या पर्णिकाच तणाव होतात. अखंड, साध्या पानाची मधली शीर लांबत जाऊन तिचाच तणाव व्हावा, असं आपल्या डोंगरउतारावर, समांतर शिरांच्या, देठ नसलेल्या पानात आणि फाकलेल्या कंदाच्या जोडीला मला एकाच वनस्पतीत माहीत आहे. ती कळलावी, ग्लोरिओसा सुपर्बा.

फूल पाहिल्याशिवाय मी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेला नमुना जपायच्या, कागदावर हे नाव लिहिलं नसतं. पण खायचं की नाही या प्रश्नाला तेवढी वाट पाहायची गरज नव्हती. त्याला सांगितलं, "हे कणगर नक्की नाही. माझ्या अंदाजाने हे जहर आहे. घरी फोन लाव आणि पातेलं उतरवायला सांग." त्याने अंगणात जाऊन फोन लावला. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. आणखी चार कंद घरात धुऊन ठेवले होते, फक्त उकडायचे बाकी होते.

संध्याकाळी त्याच्याबरोबर वाडीवर गेलो. शेजारच्या घरातल्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. कंद पुढे केला तर त्यांनी हातही लावला नाही. लांबूनच म्हणाल्या, "खड्यानाग हाय तो. टाक तिकडं." मला गुंडाळलेली पानं बघून जे कळायला अर्धा तास लागला ते त्यांना कंदाच्या नुसत्या आकारावरून कळलं. त्या मुलाने आजींना आधी विचारलं असतं तर माझ्याकडे यायची गरजच नव्हती. पण दहा-पंधरा वर्षं शहरात काढलेल्या माणसाला असा प्रश्न शेजारी विचारायचा असतो हेच सुचत नाही. रानभाज्यांची माहिती हल्ली मोबाइलवर फिरते, तिच्यात काय खावं ते असतं. काय खाऊ नये हे ओट्यावरच राहिलं आहे.

जहर म्हणजे नेमकं काय

कळलावीच्या सगळ्या भागांत, आणि कंदात व बियांत सर्वांत जास्त, कोल्चिसिन नावाचं अल्कलॉइड असतं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढून नेणारे धागे तयार व्हावे लागतात. कोल्चिसिन त्या धाग्यांच्या प्रथिनाला चिकटतं आणि धागे बनूच देत नाही. त्यामुळे ज्या पेशी सतत दुभंगत असतात त्या आधी मार खातात: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं. खाल्ल्यावर काही तास काहीच होत नाही, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. म्हणून लोक त्याला साधी बाधा समजतात आणि वेळ घालवतात. त्यानंतर रक्तातल्या पेशी घटतात, अवयव निकामी होऊ लागतात. जे वाचतात त्यांचे केस दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गळतात. श्रीलंकेत रताळं समजून हे कंद खाल्ल्याची प्रकरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

कडू करांदे चिरून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगे करतात. तो अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला वाटू शकतं की हाही कंद उकडला की निवळेल. तो निवळत नाही. कोल्चिसिन उष्णता सहन करतं. कुणी हा कंद खाल्लाच, तर त्रास सुरू व्हायची वाट न पाहता आणि कंदाचा तुकडा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

हेच कोल्चिसिन नेमक्या, अगदी बारीक मात्रेत औषध आहे. गाऊटच्या दुखण्यावर डॉक्टर ते देतात. १८२० मध्ये पेल्टिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी युरोपातल्या कोल्चिकम या वनस्पतीतून ते पहिल्यांदा वेगळं केलं. १९३७ पासून वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करण्यासाठी ते वापरात आलं आणि पुढे बिनबियांचं कलिंगडही त्याच वाटेने आलं. तमिळनाडूत करूर, दिंडिगुल भागात कळलावीची मांडव घालून रीतसर शेती होते, ती बियांसाठी, बिया औषधनिर्मितीसाठी.

कोल्चिकम हे नाव लक्षात असू द्या. पुढे ते पुन्हा येणार आहे.

ऑगस्टमध्ये फुलांनी दिलेली साक्ष

एक कोंब त्याच बांधाच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत लावून ठेवला होता. जाळीत आधीपासून आणखी तीन वेल होते, तेही त्याच सुमारास दिसले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पहिली कळी धरली आणि मी दोन दिवसांआड जाऊ लागलो.

कळी खाली मान घातलेली, फिकट हिरवी. लांब देठ पानाच्या बगलेजवळून निघून बाहेर येतो आणि टोकाशी गळासारखा वाकतो. उमलताना सहाही पाकळ्या खाली न पसरता उलट्या वर वळतात, मशालीच्या ज्योती वर उठाव्यात तशा. पाकळ्या म्हणतो खरा, पण शास्त्राच्या भाषेत त्या परिदलं, कारण इथे निदलपुंज आणि दलपुंज असा भेद नसतो. प्रत्येक परिदल सुटं, सहा-सात सेंटीमीटर लांब, अरुंद, आणि कडा अशा नागमोडी की जणू चुणीदार झालर.

रंगाचं मी वहीत दर खेपेला वेगळं लिहिलंय. पहिल्या दिवशी बुडाशी पिवळं, वर हिरवट. मग हिरवा गेला आणि वरचं टोक नारिंगी झालं. चार-पाच दिवसांत वरचे दोन तृतीयांश शेंदरी-लाल, खाली पिवळी कड. शेवटी सगळं गडद लाल. एकाच वेलीवर खालचं फूल लाल, मधलं नारिंगी आणि शेंड्याचं हिरवट, असं एकदम दिसतं. नवख्या माणसाला ती तीन वेगळी फुलं वाटतात. अग्निशिखा हे संस्कृत नाव ठेवणाऱ्याने हे नीट पाहिलं असणार.

पुंकेसर सहा, चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले. परागकोश लांबट, मधोमध टांगलेला, बोट लागलं की डोलतो आणि बाहेरच्या बाजूने उकलतो. अंडाशय फुलाच्या वर, म्हणजे ऊर्ध्वस्थ, तीन कप्प्यांचा. आणि मला या फुलात सगळ्यात आवडते ती गोष्ट: कुक्षिवृंत, म्हणजे अंडाशयातून निघून टोकाशी पराग झेलणारी दांडी. सरळ खाली लोंबण्याऐवजी तो अंडाशयाच्या टोकाशीच काटकोनात मोडतो आणि पुंकेसरांच्या ओळीतून बाहेर, एका बाजूला निघून जातो. टोकाशी त्याला तीन फाटे. मध घ्यायला आलेल्या फुलपाखराचे पंख आधी बाहेर आलेल्या त्या टोकाला किंवा फिरत्या परागकोशांना घासतात आणि स्वतःचे पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडण्याची शक्यता कमी होते. त्या जाळीवर मी पाकोळ्या आणि मोठी काळी फुलपाखरं पाहिली. भिजलेल्या हवेतही ती फुलांखालून पंख फडफडवत लटकायची.

जुलैत नुसत्या पानावरून जो अंदाज केला होता तो फुलाच्या प्रत्येक भागाने खरा ठरवला.

कुळ कोणतं?

इथे प्रकरणाला दुसरा पदर फुटला. त्या तरुणाची धाकटी बहीण बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला कॉलेजसाठी हर्बेरियमचे कागद करायचे होते, तिने हीच वनस्पती घेतली. चार दिवसांनी तिचा फोन: "सर, आमच्या लायब्ररीतल्या पुस्तकात कुळ लिलिएसी दिलंय. नेटवर कोल्चिकेसी येतंय. मी कागदावर काय लिहू?"

प्रश्न रास्त होता. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. आपल्याकडची पुढची बरीच पुस्तकं त्यावर उभी आहेत. त्यात बेंथम आणि हूकर यांची पद्धत आहे, आणि त्या पद्धतीत लिलिएसी हे फार मोठं एकत्र कुटुंब होतं. रंगीत परिदलं सहा, पुंकेसर सहा, अंडाशय ऊर्ध्वस्थ आणि तीन कप्प्यांचा, एवढं जुळलं की घरात प्रवेश. त्यामुळे कांदा, शतावरी, कोरफड, मुसळी, घोटवेल आणि कळलावी एकाच छताखाली नांदत होत्या. त्याआधी लिनियसने १७५३ मध्ये हिला ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव दिलं तेव्हा त्याने तर नुसते पुंकेसर आणि कुक्षिवृंत मोजून तिला 'सहा पुंकेसर, एक कुक्षिवृंत' या खणात टाकलं होतं. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, मलबारच्या वनस्पतींवरच्या डच ग्रंथात ती मल्याळी नावाने, मेन्दोनी म्हणून, चित्रासकट आलेली होती.

नंतर लक्षात येत गेलं की सहा-सहा-तीन हे गणित फार जणांना जमतं, नातं त्याने सिद्ध होत नाही. १९८५ मध्ये डालग्रेन आणि सहकाऱ्यांनी एकदल वनस्पतींची कुळं नव्याने लावली त्यात कोल्चिकेसी वेगळं होतं. १९९८ पासून एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) या वर्गीकरणाने डीएनएचा पुरावा घेऊन तेच कायम केलं. कांदा ॲमरिलिडेसीत गेला, शतावरी आणि मुसळी ॲस्परॅगेसीत, कोरफड ॲस्फोडेलेसीत, घोटवेल स्मायलॅकेसीत. कळलावी गेली कोल्चिकमच्या घरी. लिली आणि कोल्चिकम या दोन्ही कुळांचा गण, म्हणजे कुळांच्या वरचा गट, अजूनही एकच, लिलिएलीस. त्यामुळे बागवाले तिला 'ग्लोरिओसा लिली' म्हणून विकतात ते अगदीच निराधार नाही. चुलत नातं आहे, सख्खं नाही.

मुलीला मी फोनवर एवढंच सांगितलं की कंद पुन्हा बघ. खऱ्या लिलीला खवल्यांचा, कांद्याच्या जातीचा कंद असतो. हिचा भरीव आहे, खवला एकही नाही. परागकोश बाहेरच्या बाजूने उकलतो. आणि तिच्या अंगात कोल्चिसिन आहे. युरोपातलं कोल्चिकम, काश्मीरच्या डोंगरात बर्फ वितळताना पिवळं फुलणारं कोल्चिकम ल्यूटियम, ज्याला युनानी वैद्य सुरंजान म्हणतात, आणि आपली मुरबाडची कळलावी: दिसायला कळलावीचा त्या दोघींशी काही मेळ नाही, पण विष एकच. डीएनए वाचायची सोय व्हायच्या कितीतरी आधी रसायनतज्ज्ञांनी हे नातं हुंगलं होतं. ज्या गोष्टीमुळे पातेलं उतरवावं लागलं तीच कुळाची खूण निघाली.

याच कुळातलं आणखी एक आपल्या घरचं उदाहरण तिला दिलं, ते म्हणजे इफिजेनिया, आपलं भुईचक्र. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर, कासच्या पठारावरही, गवतात गवतासारखंच उभं असतं. फूल छोटं, गडद जांभळं, सहा अरुंद परिदलांची चांदणी. तणाव नाही, वेल नाही, झालर नाही. कळलावीशेजारी ठेवलं तर कुणी बहीण म्हणणार नाही. पण जमिनीखाली तसाच भरीव कंद आहे आणि त्यातही कोल्चिसिन आहे.

नावांबद्दल थोडं

कळलावी म्हणजे भांडण लावणारी, घरात आणली की कलह होतो, असा अर्थ सर्रास सांगतात. मला दुसरा पटतो. कळ म्हणजे प्रसूतीची वेण. अडलेल्या बाईला या कंदाचा लेप लावायची जुनी रीत होती आणि संस्कृतात हिचं एक नाव गर्भपातिनी आहे. आज कुणीही तसलं काही करू नये, हे वर जे लिहिलंय त्यावरून उघड आहे. भांडणाचा अर्थ मागाहून चिकटला असावा, पण त्याचाही उपयोग झाला असेल, कारण त्या धाकाने लोकांनी हा कंद घरात आणला नाही.

संस्कृतातलं दुसरं नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. त्या दिवशी धुतलेला कंद मी जमिनीवर ठेवला, लांब हात आडवा आणि आखूड हात खाली, तेव्हा नांगराचा हाळीस आणि फाळ समोर होता. एका शब्दात कंदाचं वर्णन करणारं इतकं नेमकं नाव लॅटिनमध्येही नाही. बचनाग हे नाव मात्र हिला वापरू नये. खरा बचनाग हा हिमालयातला अकोनाइट, त्याचं विष वेगळं आणि त्यावरचे उपचारही वेगळे. दवाखान्यात चुकीचं नाव सांगितलं गेलं तर घोळ होईल.

आणखी एक गोंधळ रोपवाटिकांतला. तिथे 'रोथशिल्डियाना' म्हणून जास्त लाल, रुंद पाकळ्यांची जात मिळते. ती पूर्वी वेगळी प्रजाती मानत, आता ग्लोरिओसा सुपर्बाचाच एक प्रकार धरतात. आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेल्या वनस्पतीत एवढा फरक असायचाच. झिंबाब्वेचं हे राष्ट्रीय फूल आहे आणि तमिळनाडूचं राज्यफूल.

कागदावर काय गेलं

मुलीने नमुना छान केला. कंद जाड, दाबला तर कुजतो, म्हणून मी तिला तो उभा चिरून पातळ काप लावायला सांगितलं, आणि विळी नंतर साबणाने दोनदा धुवायला. एक फूल वरून, एक बाजूने लावलं, म्हणजे कुक्षिवृंताचा काटकोन दिसतो. गुंडाळलेल्या टोकाची दोन पानं, साध्या टोकाचं एक. ऑक्टोबरमध्ये बोंड तडकलं, तीन फाकी झाल्या आणि आत शेंदरी-लाल, मण्यांसारख्या गोल बिया दिसल्या. त्यातल्या पाच तिने पाकिटात घालून चिकटवल्या आणि पाकिटावर लाल शाईने 'विषारी' लिहिलं. घरात तीन वर्षांचा पुतण्या आहे, म्हणून बाकीची बोंडं तिच्या भावाने तडकायच्या आधीच काढली. वेल मात्र ठेवले. उपटून टाकू का म्हणून त्याने विचारलं होतं. मी नको म्हटलं आणि आजीही नको म्हणाल्या. जाळीभोवती त्याने चार दगड मांडलेत, पुढच्या वर्षी बांध घालताना कुदळ तिथे लागू नये म्हणून.

दाबलेल्या फुलाचा लाल रंग पंधरा दिवसांत तपकिरी झाला. रंग आता फक्त तिच्या चिठ्ठीत उरलाय, पहिल्या दिवसापासून सहाव्यापर्यंत, दिवसवार. चिठ्ठीवर कुळाच्या रकान्यात तिने कोल्चिकेसी लिहून खाली 'जुन्या ग्रंथांत लिलिएसी' अशी ओळ घातली आहे. स्थानिक नावाच्या रकान्यात आहे 'खड्यानाग', आणि पुढे 'शेजारच्या आजींनी कंद पाहून ओळखले, जुलै'.